प्रसूतीचे भय, संमोहन आणि 'वेदनारहित' हा शब्द

गेल्या काही वर्षांत 'संमोहनाद्वारे वेदनारहित प्रसूती' ही शब्दयोजना आपल्या व्यवसायाच्या अंगणापर्यंत येऊन पोहोचली आहे. गर्भसंस्काराच्या वर्गांना जोडून शिथिलीकरणाचे वर्ग निघाले. प्रथम ध्वनिफिती, नंतर सीडी आणि आता मोबाईलवर ऐकावयाच्या सूचना आल्या. काही ठिकाणी तर तेलाची बाटली, चूर्णाचा डबा आणि संमोहनाच्या सूचना असा एकत्रित संच गर्भिणीच्या हाती ठेवला जातो, आणि वर 'कळा जाणवणारच नाहीत' असे आश्वासनही दिले जाते. या विद्येस आमचा विरोध नाही. उलट गर्भिणीस शिथिलीकरण शिकविणे हे वैद्याचेच काम आहे असे आमचे मत आहे. आमचा विरोध आहे तो 'वेदनारहित' या एका शब्दास. त्या शब्दाने कोणाचे नुकसान होते, हे व्यवसायबंधूंपुढे मांडावे एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

संमोहन ही आपणांस अगदीच परकी वस्तू आहे असे नाही. 1845 साली हुगळी येथे कंपनी सरकारच्या सेवेतील शल्यचिकित्सक जेम्स एस्डेल यांनी रुग्णांस त्या काळच्या 'मेस्मेरिक' निद्रेत नेऊन मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या, आणि 1846 मध्ये कलकत्त्यास त्यासाठी स्वतंत्र रुग्णालयही निघाले. परंतु त्याच वर्षी ईथर आणि पुढल्याच वर्षी क्लोरोफॉर्म आले व हा मार्ग मागे पडला. प्रसूतीच्या क्षेत्रात विसाव्या शतकात या विचारास नवे रूप मिळाले. इंग्लंडमधील प्रसूतितज्ज्ञ ग्रँटली डिक-रीड यांनी 1933 च्या आपल्या पुस्तकात भय, ताण आणि वेदना यांची साखळी मांडली: भयाने शरीर आखडते, आखडलेल्या शरीरास वेदना अधिक होते आणि वाढलेली वेदना पुन्हा भय वाढविते. सोव्हिएत रशियातील मानसिक पूर्वतयारीची पद्धत 1951 मध्ये पाहून आलेल्या फर्नांड लामाझ यांनी ती फ्रान्समध्ये रुजविली. पुढे 1989 मध्ये अमेरिकेत मेरी मोंगन यांनी 'हिप्नोबर्थिंग' या नावाने स्वसंमोहनाचा शिक्षणक्रम सुरू केला. आपल्याकडील बहुतेक वर्ग याच झाडाच्या फांद्या आहेत, मग त्यांवर नाव संस्कृत असो वा इंग्रजी.

आता या पद्धतीची परीक्षा झाली तेव्हा काय आढळले ते पाहू. वायव्य इंग्लंडमध्ये 680 प्रथमप्रसवा स्त्रियांवर झालेला अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या स्त्रियांस गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत स्वसंमोहनाचे दोन वर्ग आणि रोज ऐकण्यासाठी ध्वनिमुद्रित सूचना देण्यात आल्या. पाठीच्या कण्यातून द्यावयाची भूल, अर्थात एपिड्युरल, संमोहनाच्या गटात 27.9 टक्के स्त्रियांनी घेतली व दुसऱ्या गटात 30.3 टक्के स्त्रियांनी. हा फरक नगण्यच म्हणावा लागेल. परंतु प्रसूतीनंतर विचारले असता, आधी वाटले होते त्या मानाने भय व चिंता कमी झाली, असे संमोहनाच्या गटात अधिक प्रमाणात दिसले. 2016 च्या कोक्रेन समीक्षेत नऊ चाचण्यांतील 2954 स्त्रियांची माहिती एकत्र करण्यात आली. तीतही वेदनाशामकांचा एकूण वापर काहीसा कमी होत असावा, पण एपिड्युरलच्या वापरात वा नैसर्गिक प्रसूतीच्या प्रमाणात स्पष्ट फरक नाही, असाच सूर निघाला.

याचा अर्थ आम्ही असा घेतो की, संमोहनाची पकड भयावर आहे, कळेवर नाही. आणि भय कमी होणे ही काही लहानसहान प्राप्ती नव्हे. भयाने वायू प्रकुपित होतो हे आपण पहिल्या वर्षापासून घोकत आलो आहोत. प्रसव हे तर अपान वायूचेच कर्म. भेदरलेल्या स्त्रीच्या रक्तात ॲड्रिनॅलिन वाढते व कळांचा जोर आणि लय बिघडू शकते, हे आधुनिक शास्त्र सांगते. दोन्ही शास्त्रांची परिभाषा एकमेकींवर ओढूनताणून बसविण्याची आम्हांस हौस नाही. पण बाजेजवळ उभे राहिलेल्या माणसास दोन्ही एकच गोष्ट सुचवितात.

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठवा अध्याय या दृष्टीने पुन्हा काढून वाचावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. परीक्षेपुरते आपण त्यातील मासानुमासिक पथ्य पाठ करतो आणि सूतिकागाराचा भाग भरभर उलटतो. प्रसववेळी मुसळाने धान्य कांडावे, असे काहींचे मत तेथे नोंदले आहे, आणि भगवान आत्रेयांनी ते स्पष्ट शब्दांत नाकारले आहे. त्या नाजूक वेळी अतिश्रमाने वायू बिघडून प्राणावर बेतेल, असे त्याचे कारण दिले आहे. जांभया देण्यास व फिरण्यास मात्र त्यांची संमती आहे. आवी नसता कुंथू नये, वेग आला नसताना शिंक वा ढेकर जशी आणून येत नाही तसेच हे, असेही तेथे सांगितले आहे. प्रसूतिकक्षात 'जोर लाव, जोर लाव' असा ओरडा वेळेआधीच सुरू होतो, तो ऐकणाऱ्यांनी हा भाग अवश्य वाचावा.

तेथेच सोबतीच्या स्त्रियांचे वर्णन आहे. त्या स्वतः अनेकदा प्रसूत झालेल्या, मायाळू, प्रसंगावधानी, विषाद टाकून दिलेल्या, कष्ट सोसणाऱ्या, आणि विशेष म्हणजे त्या गर्भिणीस आवडणाऱ्या असाव्यात. धीराच्या व गोड शब्दांनी त्यांनी तिला सांभाळावे. सुश्रुतांनीही प्रौढ, प्रसवकर्मात कुशल, नखे कापलेल्या चार स्त्रिया सांगितल्या आहेत. (नखांचा उल्लेख करण्याइतके ते व्यवहारी होते.) आता याच्या शेजारी हे ठेवून पहा: 2017 च्या कोक्रेन समीक्षेत 26 चाचण्या व 15 हजारांहून अधिक स्त्रिया यांच्या आधारे असे आढळले की, प्रसूतीत अखंड सोबत मिळालेल्या स्त्रियांत नैसर्गिक प्रसूती अधिक होतात, सिझेरियन कमी होतात आणि प्रसूतीचा काळही काहीसा घटतो. संमोहनास जे साधल्याचे दिसले नाही, ते सोबतीणीने साधले.

मग संमोहनाच्या सूचना कानात घालून तिला प्रसूतिकक्षात एकटी पाठविण्याऐवजी, त्या सूचना ओळखीच्या आवाजात देणारी व्यक्ती तिच्याबरोबर का जाऊ नये? 2016 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी रुग्णालयांत सोबतीणीस परवानगी दिली, आणि ती शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली नातलग स्त्री असावी असे सुचविले. चरकांचेच शब्द कोणी दिल्लीत भाषांतरित केले की काय, असे वाटावे. 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही आपल्या आवडीच्या सोबतीची, आणि वेदना सुसह्य होण्यासाठी शिथिलीकरणाच्या उपायांची शिफारस केली. तथापि अनेक ठिकाणी आजही 'नातेवाइकांनी बाहेर थांबावे' ही पाटी कायम आहे.

भयाच्या सूचना तर आपल्या समाजात फुकट वाटल्या जातात. 'बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म' हे वाक्य डोहाळजेवणाच्या पंगतीतही ऐकू येते. अमकीला तीन दिवस कशा कळा आल्या, तमकीचे बाळ कसे अडले, या कथा सातव्या महिन्यातच तिच्या ओटीत पडतात. प्रसूतिकक्षातील खेकसणे ही त्याची पुढची पायरी. संमोहन म्हणजे अखेर एकाग्र मनास दिलेली सूचना. भेदरलेल्या मनाची एकाग्रता तर विलक्षण असते, आणि 'ओरडू नकोस, आता कशाला रडतेस' ही सूचना त्या मनात खोल उतरते. म्हणून गर्भिणीबरोबर तिच्या आईस व सासूबाईंसही एकदा आपल्यासमोर बसवावे.

आता नुकसानाविषयी. आमच्याकडे बाराव्या दिवशी सूतिका-परिचर्येसाठी एक भगिनी आली. पहिलीच खेप. तीन महिने एका वर्गास नियमित गेलेली. कळा सुरू होऊन पुष्कळ तास लोटल्यावर बाळाचे ठोके मंदावले आणि शस्त्रक्रिया करावी लागली. निर्णय योग्यच होता; बाळ सुखरूप होते. तिचे पहिले वाक्य मात्र असे होते: "डॉक्टर, मला श्वास नीट जमला नाही, म्हणून पोट फाडावं लागलं." मन शांत असेल तर वेदना होतच नाही, असे वर्गात तिला सांगितलेले होते. सबब वेदना झाली म्हणजे मन अशांत, आणि मन अशांत म्हणजे दोष तिचा. दूध येईना, झोप येईना. आमच्या औषधांपेक्षा तिला हे सांगण्याची अधिक गरज होती की, बाळाचे ठोके तिच्या श्वासाच्या चुकीने उतरले नव्हते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातील 21.5 टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्याचे दिसते. त्यांतील किती टाळता आल्या असत्या हा वेगळा वाद. परंतु आपल्या वर्गातून जाणाऱ्या स्त्रियांपैकी अनेकींची वाट तिकडून जाणार हे ठाऊक असताना तो शब्द वापरणे, ही सत्त्वावजय चिकित्सा नव्हे. हा सत्त्वाचा पराजय होय.

दुसरा धोका याहून गंभीर आहे. 'सर्व काही सुरळीत आहे' ही सूचना मनात घट्ट बसलेली स्त्री रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बाळाची मंदावलेली हालचाल किंवा हिरवट पाणी या लक्षणांकडे शांतपणे दुर्लक्ष करू शकते. शिथिलीकरण शिकविणाऱ्याने त्याच बैठकीत ही लक्षणे पाठ करून घ्यावीत, आणि यांपैकी काहीही दिसल्यास ध्वनिफीत बंद करून रुग्णालय गाठावे, असे निक्षून सांगावे. उन्माद वा तत्सम मनोविकाराचा इतिहास असलेल्या स्त्रीस संमोहन देऊ नये. तिला मनोविकारतज्ज्ञाकडेच पाठवावे.

शिकवावयाचे काय, ते फार थोडे आहे. सातव्या महिन्यापासून रोज पंधरा-वीस मिनिटे पुरतात. शवासन उताणे नको. गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर येतो, म्हणून डाव्या कुशीवर, आपली वामकुक्षीच म्हणा ना. उच्छ्वास श्वासापेक्षा लांब, कुंभक वर्ज्य. जबडा, खांदे व ओटीपोट क्रमाने सैल सोडावयास शिकवावे. सूचना तिच्या बोलीत असाव्यात: 'कळ येते, चढते, उतरते आणि मध्ये विसावा असतो.' कळ येणारच नाही असे सांगू नये. शेवटच्या काही बैठकांस सोबतीण हजर असावी, कारण ऐन वेळी शिकविलेले सारे ती विसरेल आणि सोबतीणीस आठवावे लागेल. प्रसूतितज्ज्ञास एक चिठ्ठी द्यावी: काय शिकविले, कोणती औषधे चालू आहेत, सोबत कोण येणार. भूल घेण्याचा निर्णय तिचा व त्यांचा राहील, हेही त्यातच लिहावे. आमच्या अनुभवात अशी चिठ्ठी वाचून नाक मुरडणारे थोडे आणि सोबतीणीस आत घेणारे बरेच निघाले.

औषधी विक्रेत्या बंधूंस एक सांगणे आहे. नवव्या महिन्यातील अनुवासन व पिचू ही वैद्याने तपासून करावयाची कर्मे आहेत. संचातील चिठ्ठी वाचून घरी करावयाची नव्हेत. वार खाली असेल वा पाणी गेले असेल तर त्यांतून अपायच व्हावयाचा. दुकानात असा संच मागण्यास कोणी आल्यास प्रथम महिना कितवा आणि नाव कोणत्या रुग्णालयात नोंदविले आहे, हे दोन प्रश्न विचारावेत. आणि ज्या वेष्टनावर 'वेदनारहित' असे छापलेले असेल, तो माल परत पाठवावा.