शिस्तभंग कुणाचा?

गेल्या महिन्यात वस्तीतल्या एका ताईंनी आमच्या हातात एक वही दिली. त्यांचा मुलगा नगरपरिषदेच्या शाळेत तिसरीला आहे. वहीत लाल पेनने लिहिलं होतं : 'वर्तन असमाधानकारक. शाळेच्या वस्तूंची नासधूस करतो. उलट बोलतो. पालकांनी समज द्यावी, अन्यथा दाखला काढून न्यावा.' ताईंना वाचता येतं. वही आमच्याकडून वाचून घ्यायला त्या आल्याच नव्हत्या. "दादा, खरंच काढतील का हो पोराला?" एवढंच त्यांना विचारायचं होतं.

मुलाशी बोललो. पहिल्या दिवशी त्याने तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेत इतर मुलं गेल्यावर बोलला. शाळेच्या संडासात पाणी ओतायचं काम त्याच्याकडे होतं. हौदातून बादली भरायची, ओतायची, खराटा मारायचा. मधल्या सुट्टीच्या आधी. एके दिवशी तो म्हणाला, आज दुसऱ्याला सांगा. सर म्हणाले, उलट बोलतोस? त्याने बादली लाथेने उडवली. बादलीचा कान तुटला. 'शाळेच्या वस्तूंची नासधूस' ती हीच.

मग आम्ही विचारलं, हे काम कुणाकुणाकडे असतं? त्याने बोटं मोजत पाच नावं सांगितली. चार आपल्या वस्तीतली, एक पलीकडच्या पालावरचं पोर. वर्गात पट अडतीसचा.

मुख्याध्यापकांना भेटलो. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगतो. चहा मागवला, खुर्ची दिली. म्हणाले, यात जातीबितीचं काही नाही, हे श्रमसंस्कार आहेत. जपानमध्ये बघा, मुलं स्वतः शाळा झाडतात. आम्ही म्हटलं, सर, जपानमध्ये सगळी मुलं झाडतात. तुमच्याकडे पाचच का? ते थोडा वेळ गप्प राहिले. मग जे बोलले ते आमच्या कानातून अजून जात नाही : "ही मुलं कामाला चपळ असतात हो. त्यांना सवय असते."

मित्रांनो, या एका वाक्यासाठी हा लेख लिहितो आहोत.

त्या मुलाच्या वहीत जातीचा उल्लेख कुठेही नाही. हजेरीपटावर नाही, वर्तनाच्या शेऱ्यात नाही. भिंतीवर 'आदर्श विद्यार्थी' नावाचा तक्ता आहे : वेळेवर येतो, स्वच्छ गणवेश घालतो, नखे कापतो, रांगेत चालतो, शुद्ध बोलतो, मोठ्यांचे ऐकतो. कुणाला आक्षेप असेल यावर? आम्हालाही नाही. पण हा तक्ता कुणाच्या घराकडे बघून लिहिला आहे, हे विचारायला नको का?

आमच्या गावात नळाला आठ दिवसाआड पाणी येतं. ज्या दिवशी येतं त्या सकाळी वस्तीतली पोरं रांगेत असतात, कारण आई धुणीभांड्याला आणि बाप नाक्यावर गेलेला असतो. त्या दिवशी पोरगं 'वेळेवर' येत नाही. सहाव्या-सातव्या दिवशी त्याचा गणवेश 'स्वच्छ' नसतो. घरात 'म्या', 'व्हय', 'पानी' बोलणारं पोर वर्गात तोंड उघडतं तेव्हा ते 'शुद्ध' नसतं. तक्त्यातल्या सहापैकी तीन गोष्टींत ते दाराशीच नापास. उरली चौथी : मोठ्यांचे ऐकतो. ऐकलं तर संडास साफ करायचा, नाही ऐकलं तर बेशिस्त.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला पिअर बोर्दियू शिकवला होता. शाळा ज्याला मुलाची गुणवत्ता म्हणते ते बऱ्याचदा घरातून आणलेलं सांस्कृतिक भांडवल असतं, असं तो म्हणतो. परीक्षेत लिहून आम्ही गुण मिळवले. कळला मात्र तो या तक्त्यासमोर उभं राहिल्यावर. बोर्दियूच्या फ्रान्समध्ये वर्ग होता. आपल्याकडे त्याच्याखाली जात आहे. वर्गाचं मूल मागे पडतं. जातीचं मूल मागे पडतं आणि वर त्याच्या हातात बादलीही दिली जाते. जात फक्त कामं वाटत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच वरखाली रचते, हे बाबासाहेबांनी 1936 साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये मांडलं. ती रचना आपण पुस्तकात शोधतो. ती तिसरीच्या वर्गात मधल्या सुट्टीच्या आधी रोज उभी राहते.

आणि ही काही आजची गोष्ट नाही. साताऱ्याच्या शाळेत भीमराव घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसायचा. शिपाई नसेल तर त्या दिवशी पाणी नाही. तिथे ही 'शिस्त'च होती! कुठे बसायचं, कशाला हात लावायचा नाही, कुणाची वाट बघायची, सगळं नियमाने. उत्तर प्रदेशातल्या मुजफ्फरनगर जिल्ह्यात ओमप्रकाश वाल्मीकींना हेडमास्तरने वर्गात बसू न देता शाळेचं आवार झाडायला लावलं. 'जूठन' मध्ये ते त्यांनी लिहून ठेवलं आहे. वडिलांनी येऊन पोराच्या हातातला झाडू फेकला आणि हेडमास्तरला जाब विचारला. देश तेव्हा स्वतंत्र होता, संविधान लागू होतं. जोतीरावांनी तर 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना मागणी केली होती की प्राथमिक शाळांचे शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, म्हणजे ते मुलांमध्ये मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील. ज्याला मुलाचं घर माहीत नाही त्याला मुलाचं वागणं कळणार नाही, हे त्या माणसाला तेव्हा दिसत होतं.

आता कायद्याकडे येऊ. शिक्षण हक्क कायदा, 2009. कार्यकर्त्यांनी याची पुस्तिका पिशवीत ठेवली पाहिजे. कलम 17 सांगतं की कोणत्याही मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक छळ करता येणार नाही. पुढचं पोटकलम नीट वाचा : जो हे करील त्याच्यावर त्याच्या सेवा नियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होईल. म्हणजे शाळेत शिक्षेच्या बाबतीत 'शिस्तभंग' हा शब्द कायद्याने मारणाऱ्याला, छळणाऱ्याला लावला आहे, सहा ते चौदा वर्षांच्या लेकराला नाही. कलम 16 नुसार प्रारंभिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा आली, पण काढून टाकण्याची नाही. त्यामुळे 'अन्यथा दाखला काढून न्यावा' हा शेरा पोकळ धमकी आहे. पण धुणीभांडी करणाऱ्या आईला ती पोकळ वाटत नाही, आणि लिहिणाऱ्याला ते ठाऊक असतं. वंचित घटकातल्या मुलाशी भेदभाव होणार नाही हे पाहणं शासनाचं आणि स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे, तेही याच कायद्यात आहे. मूल भयमुक्त असावं, त्याने आपलं म्हणणं मोकळेपणाने मांडावं, हे कलम 29 मध्ये अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून लिहिलं आहे. 'उलट बोलतो' या शेऱ्याशेजारी ते कलम ठेवून बघा.

शिक्षकांची बाजूही आम्हाला ठाऊक आहे. एका शिक्षकाकडे दोन वर्ग, रोजची ऑनलाइन माहिती, निवडणूक आली की मतदार याद्या. संडास साफ करायला माणूस नाही आणि तो नेमण्याचं काम नगरपरिषदेचं आहे, मुख्याध्यापकांचं नाही. हे सगळं खरं. पण माणूस नाही म्हटल्यावर त्यांची नजर अडतीस मुलांवरून फिरत नेमकी त्या पाचांवर का थांबते, याचं उत्तर कामाच्या बोज्यात सापडत नाही. आणि एक कडू गोष्ट. त्या वहीत लाल शेरा लिहिणारे वर्गशिक्षक आपल्याच समाजाचे आहेत. जयंतीला पहिल्या रांगेत असतात. त्यांना भेटलो तेव्हा म्हणाले, "अहो, या वस्तीतल्या पोरांना वळणच नाही, आपलं नाव खराब करतात." आपण आरक्षणातून वर आलो की पहिली लाज आपल्याला आपल्या वस्तीचीच वाटू लागते का?

आपल्या घराबद्दलही बोललं पाहिजे. पालक सभेला जाणारे आपलेच लोक सांगतात, "मास्तर, मारा, पण शिकवा." आपल्या अभ्यासिकेत, रविवारच्या धम्म वर्गात गडबड करणाऱ्या पोराला आपणही कान धरून उभं करतो. आम्ही केलं आहे. शाळेकडून जे घेतलं तेच पुढे दिलं.

आपल्याकडे दुसरं काही नाही का? मज्झिम निकायात राहुलाला केलेला उपदेश आहे. परंपरेनुसार राहुल तेव्हा सात वर्षांचा, म्हणजे दुसरी-तिसरीतल्या पोराएवढा. विषय होता खोटं बोलण्याचा. बुद्धांनी पाय धुतल्यावर भांड्यात थोडं पाणी ठेवलं आणि विचारलं, हे दिसतं का? मग ते ओतून टाकलं, भांडं पालथं केलं, प्रत्येक वेळी विचारलं, दिसतं का? जाणूनबुजून खोटं बोलणाऱ्याचं श्रमणपण असंच थोडं उरतं, मग तेही सांडून जातं. नंतर विचारलं, आरसा कशासाठी असतो? बघण्यासाठी, राहुल म्हणाला. तसंच कृती करण्याआधी, करताना आणि केल्यावर बघायचं, यातून आपल्याला किंवा दुसऱ्याला दुःख होतंय का. छडी नाही, शेरा नाही, बापाला बोलावणं नाही. बाप समोरच होता म्हणा. सात वर्षांच्या मुलाला विचार करता येतो असं गृहीत धरून केलेली ही शिकवण आहे. आणि संघाचे नियम फक्त लहानांना नव्हते. दर पंधरवड्याला पातिमोक्खाचं पठण होई तेव्हा थेरही बसलेले असत. 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत बाबासाहेबांनी भिक्खू संघाच्या या नियमांची आठवण करून दिली होती. बसण्याच्या व्यवस्थेपासून गुप्त मतदानापर्यंत. बसण्याच्या व्यवस्थेचा नियम! ज्याला लहानपणी गोणपाटावर बसवलं त्या माणसाने त्याचा उल्लेख करावा, हे आम्हाला सहज वाटत नाही.

आपल्या पोरांना वळण नाही म्हणणाऱ्यांनी एकदा 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर यावं. लाखो लोक तासन्‌तास रांगेत उभे असतात, उपाशी, उन्हात, कडेवर लेकरं. परतताना पिशवीत पुस्तकं असतात. त्यांना रांगेत कुणी छडीने उभं केलेलं नसतं.

वस्तीत बैठक झाली तेव्हा तरुण पोरं म्हणाली, अ‍ॅट्रॉसिटी दाखल करू, शाळेला टाळं लावू. त्यांचा राग खोटा नाही. पण ताई म्हणाल्या, "उद्या पोरगं त्याच वर्गात बसणार आहे. तुम्ही जाल घरी." बैठकीत काही वेळ कुणी बोललं नाही. गुन्ह्याचा रस्ता आम्ही बंद केलेला नाही, पण ताईंच्या संमतीशिवाय त्यावर पाऊल टाकायचं नाही असं ठरलं. मोर्चाला आई लागते आणि निर्णयाला लागत नाही, अशी चळवळ आम्हाला नको.

मग आम्ही शाळा व्यवस्थापन समितीचा फलक वाचला. कलम 21 नुसार तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. फलकावर आपल्या वस्तीतल्या एका बाईंचं नाव होतं. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, शिपाई वही घेऊन येतो, मी सही करते. दोन वर्षं सदस्य, सभा एकही पाहिलेली नाही. कागदावर समिती कायदेशीर. तरुणांना आमची विनंती आहे : आपापल्या शाळेत जाऊन हा फलक वाचा, नावं उतरवा, त्या घरी जा. टाळं लावण्यापेक्षा हे काम कंटाळवाणं आहे. तक्रार लेखी द्या, कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणाकडे, पोच घेऊन. तीन महिन्यांत निर्णय देणं त्यांना बंधनकारक आहे. नाही समाधान झालं तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं.

आमचा अर्ज गेला आहे. लाल शेऱ्याची प्रत जोडली आहे, तारखेसह. मुलगा शाळेत जातो. बादली सध्या कुणाकडेच नाही आणि संडासाला कुलूप आहे, म्हणजे मुली दुपारपर्यंत पाणी पीत नाहीत. हाही प्रश्न आता आपलाच. त्या सदस्य बाईंनी यावेळी शिपायाने आणलेल्या वहीवर सही केली नाही. सभा कधी आहे ते सांगा, म्हणाल्या. शनिवारी सकाळी आहे. विषयपत्रिकेवर 'स्वच्छतागृह सफाई कर्मचारी नेमणेबाबत नगरपरिषदेस पत्र' हा विषय मुख्याध्यापकांनी स्वतःच्या हाताने शेवटी वाढवला आहे. ताई त्या दिवशी कामाला सुट्टी टाकणार आहेत, आम्ही दाराबाहेर थांबू.