दुधाची तपासणी गोठ्यापासून सुरू करा



सण जवळ आले की दुधाच्या भेसळीवर छापे पडतात, हजारो लिटर दूध ओतून दिले जाते आणि वर्तमानपत्रांत त्याचे फोटो येतात. भेसळ करणाऱ्यांना कडक शिक्षा व्हायलाच हवी. पण धार काढल्यानंतर दुधात काय मिसळले, एवढेच आपण पाहतो. धार काढण्याआधी जनावराच्या पोटात आणि कासेत काय गेले, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते आरोग्याचा मोठा धोका तिथे आहे, म्हणून एक दूध उत्पादक या नात्याने हे पत्र लिहीत आहे.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने घेऊन तपासले. भेसळीमुळे पिण्यास असुरक्षित ठरले फक्त १२. अफ्लाटॉक्सिन एम-१ हे विष मर्यादेपेक्षा जास्त निघाले ३६८ नमुन्यांत, तर प्रतिजैविकांचे अंश जास्त आढळले ७७ नमुन्यांत. त्या ७७ पैकी ९ नमुने महाराष्ट्रातले होते. अफ्लाटॉक्सिनचे प्रमाण तर सुट्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधात अधिक होते. त्यामुळे पिशवीचे दूध घेतले की काळजी मिटली, असे मानता येत नाही. उकळूनही हे अंश पुरते जात नाहीत.

अफ्लाटॉक्सिनचे हे विष येते कुठून? पावसाळ्यात सरकी पेंडेचे पोते फोडले की कुबट वास येतो, आत हिरवट ठिपके दिसतात. ओल लागलेल्या मक्याचे आणि नीट न दाबलेल्या मुरघासाचेही तेच. पेंडेचा भाव पाहता पोते फेकून देणे परवडत नाही. मग बुरशी लागलेला माल चांगल्या मालात मिसळून जनावरापुढे जातो. जनावर तो खाते आणि बुरशीचे विष रूप बदलून दुधात उतरते. यकृताच्या कर्करोगाशी या विषाचा संबंध सिद्ध झालेला आहे आणि वजनाच्या मानाने सर्वांत जास्त दूध लहान मुले पितात.

प्रतिजैविकांची गोष्टही पैशाशीच येऊन थांबते. गाईला दगडी (कासदाह) झाली की सडात औषधाची ट्यूब सोडावी लागते. उपचारानंतर तीन-चार दिवस, औषधागणिक त्याहूनही जास्त, ते दूध माणसाच्या पोटात जाता कामा नये. गाय दिवसाला बारा लिटर दूध देत असेल आणि लिटरला तीस-पस्तीस रुपये भाव धरला, तर एवढ्यात पंधराशे रुपये गटारात जातात. वर औषधाचा आणि डॉक्टरांचा खर्च. हा सगळा तोटा एकट्या शेतकऱ्याने सोसायचा असेल, तर ते दूध कॅनमध्ये जाणारच. संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरणारे घन घटक) पाहून भाव ठरतो, औषधाचा अंश बहुतेक ठिकाणी पाहिलाच जात नाही. मग एका गाईचे दूध बल्क कूलरमध्ये शंभर जणांच्या दुधात मिसळते. घरी विरजण नीट लागले नाही की आपण थंडीला दोष देतो; पण विरजणाचे जिवाणू मारण्याइतके औषध दुधात असले, तरीही दही लागत नाही. असे थोडे थोडे औषध रोगजंतूंच्याही अंगवळणी पडते आणि उद्या माणसाच्या आजारात तेच औषध निकामी ठरते. याच भीतीने केंद्र सरकारने २०१९ मध्ये कोलिस्टिन या औषधाचा अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत वापर बंद केला. मनात आणले तर सरकार पाऊल उचलू शकते, हे त्यातून दिसले.

यावर दूध सोडा असे कोणी सांगेल. ते मला मान्य नाही. गरिबाच्या पोराला स्वस्तात मिळणारी प्रथिने आणि कॅल्शियम काढून घेऊन आरोग्य सुधारणार नाही. दूध स्वच्छ करणे हाच उपाय आहे आणि तो आवाक्यातला आहे. प्रत्येक संकलन केंद्रावर प्रतिजैविकांच्या चाचणीची पट्टी असावी. उपचार सुरू असलेल्या जनावराची नोंद करणाऱ्या उत्पादकाला त्या दिवसांच्या दुधाची भरपाई दूध संघाने निधी उभारून द्यावी. पेंड आणि पशुखाद्य यांची अफ्लाटॉक्सिनसाठी तपासणी दुकानात आणि कारखान्यात व्हावी. तिचा बोजा गोठ्यावर टाकू नये. जिल्हावार निकाल दर तीन महिन्यांनी जाहीर करावेत. पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय प्रतिजैविके विकणाऱ्यांवर कारवाई व्हावी आणि त्याचबरोबर तालुक्यांतील पशुवैद्यकांची रिक्त पदे भरावीत, नाहीतर चिठ्ठी देणार कोण?

खराब दूध नाकारण्याचा अधिकार संघांना आजही आहे. निर्धोक दूध घालणाऱ्याला लिटरमागे चार पैसे जास्त देण्याची जबाबदारीही त्यांनी उचलावी. गोठ्यातली सवय त्यानेच बदलेल.

– एक दूध उत्पादक, पुणे जिल्हा