विश्लेषण : शुद्धीवर असलेल्या माणसाला सीपीआर? रेल्वेतल्या 'त्या' व्हिडीओवर डॉक्टर का नाराज झाले?

नोव्हेंबर २०२४ मध्ये रेल्वे मंत्रालयाने समाजमाध्यमांवर एक व्हिडीओ टाकला. आम्रपाली एक्स्प्रेसमध्ये एका वयस्कर प्रवाशाला त्रास होऊ लागला होता आणि तिकीट तपासनीस त्याला सीपीआर देत होता. तपासनीसाच्या प्रसंगावधानाचं कौतुक झालं. पण त्याच व्हिडीओवर अनेक डॉक्टरांनी आक्षेप घेतला. प्रवासी शुद्धीवर दिसतोय, मग त्याची छाती का दाबताय, असा त्यांचा सवाल होता.

तपासनीसाचा हेतू चांगला होता, याबद्दल वाद नाही. प्रवाशाला छपरा स्थानकावर उतरवून रुग्णालयातही नेण्यात आलं. खरी अडचण पुढची आहे. असा व्हिडीओ मोबाइलवर फिरत राहतो आणि पाहणाऱ्याच्या डोक्यात सीपीआरचं तेच चित्र पक्कं बसतं.

सीपीआर नेमका कोणासाठी?

हृदय बंद पडलं की मेंदूला रक्त मिळत नाही. चार ते सहा मिनिटांत मेंदूच्या पेशींना इजा होऊ लागते. अशा वेळी छातीच्या मधोमध जोरात दाबून हृदयाचं काम बाहेरून, हातांनी करायचं, म्हणजे सीपीआर. ही पद्धत १९६० मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी जगापुढे मांडली. ज्याचं हृदय चालू आहे, त्याला याचा उपयोग नाही. उलट बरगडी मोडू शकते.

गोंधळाचं एक मूळ आपल्या भाषेतही आहे. बातम्यांमध्ये 'हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने निधन' हे एकच वाक्य सगळीकडे चालवलं जातं. झटका, म्हणजे हार्ट अटॅक, यात हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते. माणसाला छातीत दुखतं, घाम येतो, पण बहुतेक वेळा तो शुद्धीवर असतो, बोलतो. कार्डिअ‍ॅक अरेस्टमध्ये हृदयाचं पंपिंगच थांबतं आणि माणूस काही सेकंदांत कोसळतो. झटक्यातून अरेस्ट होऊ शकतो, पण दोन्ही एक नव्हेत. छातीत दुखतंय म्हणणाऱ्याला बसवून लवकरात लवकर रुग्णालयात न्यायचं असतं. सीपीआर दुसऱ्यासाठी.

आचके म्हणजे श्वास नव्हे

मग ओळखायचं कसं? खांदे हलवून मोठ्याने हाक मारायची. प्रतिसाद नाही, तर छाती नेहमीसारखी वरखाली होतेय का, ते दहा सेकंदांच्या आत पाहायचं. दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल, तर सीपीआर सुरू. सामान्य माणसाने नाडी शोधत बसू नये. घाबरलेल्या हातांना ती असली तरी सापडत नाही आणि नसली तरी लागल्यासारखी वाटते.

इथे सगळ्यात मोठी फसगत होते ती आचक्यांमुळे. हृदय बंद पडल्यावरही पहिली काही मिनिटं माणूस थांबून थांबून, घोरल्यासारखा आवाज करत आचके देऊ शकतो. भोवतालचे म्हणतात, 'श्वास चालू आहे, जरा हवा येऊ द्या.' कोणी तोंडात पाणी घालतं, तर कोणी कांदा फोडून नाकाशी धरतं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात घातलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं, हा धोका वेगळाच. आचके हे हृदय थांबल्याचं लक्षण आहे. तेव्हाच छाती दाबायला हवी.

एकाने १०८ किंवा ११२ ला फोन लावून स्पीकर सुरू ठेवायचा. दुसऱ्याने त्या माणसाला कडक जमिनीवर उताणं करून छातीच्या मधोमध एकावर एक तळहात ठेवायचे, कोपर न वाकवता मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचं. मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली जायला हवी. हे वाटतं त्यापेक्षा बरंच खोल असतं आणि दोन मिनिटांत दम लागतो, म्हणून आळीपाळीने. प्रशिक्षण नसेल, तर तोंडाने श्वास न देता नुसतं दाबत राहिलं तरी चालतं. मात्र बुडालेला माणूस आणि लहान मुलं यांच्या बाबतीत श्वास देणंही महत्त्वाचं ठरतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा 'एकटे असाल तर जोरजोरात खोका' हा सल्ला सामान्य लोकांसाठी नाही, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने स्पष्ट केलं आहे.

उलटी चूक अधिक महागात

रेल्वेच्या व्हिडीओवरच्या वादातून 'चुकलं तर? त्यापेक्षा हात न लावलेला बरा' असा निष्कर्ष कोणी काढला, तर तो जास्त घातक ठरेल. ज्याचं हृदय खरंच थांबलंय, त्याची जगण्याची शक्यता सीपीआर आणि विजेचा झटका मिळाला नाही तर दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. मोडलेली बरगडी जुळते.

डेन्मार्कने हे आकड्यांत दाखवून दिलं. तिथे २००५ मध्ये शाळांत आणि २००६ मध्ये वाहन परवान्यासाठी हे प्रशिक्षण सक्तीचं झालं. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी जवळच्या लोकांकडून सीपीआर मिळालेल्यांचं प्रमाण २००१ मध्ये सुमारे २१ टक्के होतं, ते २०१० मध्ये ४५ टक्क्यांच्या आसपास गेलं. याच काळात तीस दिवसांनंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण साडेतीन टक्क्यांवरून जवळपास ११ टक्क्यांवर पोहोचलं. याला रुग्णवाहिका आणि उपचारांतल्या सुधारणांचीही जोड होती, पण लोकांच्या हातांचा वाटा लहान नाही.

आपल्याकडे ६ डिसेंबर २०२३ रोजी देशभर सीपीआर जागृतीची मोठी मोहीम झाली. एका दिवसाच्या मोहिमेने सवय लागत नाही, हे उघड आहे.

पोलिसांचा ससेमिरा लागेल का?

भीती ही आहेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम १३४अ मदत करणाऱ्याला दिवाणी आणि फौजदारी कारवाईपासून संरक्षण देतं, नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. पण ते वाहन अपघातातल्या जखमींपुरतंच आहे. फलाटावर, जिममध्ये किंवा गरब्यात कोसळलेल्या माणसाच्या बाबतीत आधार घ्यावा लागतो तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० चा. संमती देऊ न शकणाऱ्या व्यक्तीच्या भल्यासाठी सद्हेतूने केलेली कृती गुन्हा ठरत नाही, असं ते सांगतं. म्हणजे गुन्ह्यातून सूट आहे. चौकशीला किती वेळा बोलावणार, नाव द्यावंच लागेल का, याबद्दल रस्त्यावरच्या मदतनीसाला मिळालेली हमी फलाटावरच्याला त्या कलमात मिळत नाही.