विल्हेवाट : नेव्हाडातील सार्वजनिक भूमी आणि ‘स्थानिक समाज’ ही संज्ञा

अमेरिकेच्या संघीय कायद्यात सार्वजनिक भूमी हातावेगळी करण्याच्या क्रियेला ‘डिस्पोजल’ असे नाव आहे. मराठीत त्यास ‘विल्हेवाट’ याहून जवळचा शब्द सापडत नाही. आणि दोन्ही शब्दांचा प्रवासही बराचसा सारखा झालेला दिसतो. मूळचा अर्थ व्यवस्था लावणे, प्रत्येक गोष्ट जिथल्या तिथे लावून देणे हा. रूढ झालेला अर्थ मात्र नको असलेली वस्तू दृष्टिआड करणे. लास व्हेगास शहराभोवती १९९८ साली काँग्रेसने एक रेषा आखली. तिच्या आतील संघीय जमीन शहराच्या वाढीसाठी विकता यावी, हा त्या आखणीचा हेतू. या रेषेचे अधिकृत नाव ‘डिस्पोजल बाउंडरी’ असेच आहे. कोणाला काय नकोसे झाले आणि कोण कोणाच्या दृष्टिआड गेले, हा प्रश्न अर्थशास्त्राचा जितका आहे तितकाच शब्दार्थाचाही आहे. म्हणून वाङ्मयाच्या अभ्यासकांनी तो परका मानण्याचे कारण नाही.

संयुक्त संस्थानांच्या एकूण भूमीपैकी सुमारे २८ टक्के, म्हणजे जवळजवळ ६४ कोटी एकर, जमीन संघीय शासनाच्या मालकीची आहे. तिचा बहुतांश भाग पश्चिमेकडील राज्यांत आणि अलास्कात. नेव्हाडा राज्यात तर हे प्रमाण ८० टक्क्यांच्या घरात जाते. एवढी जमीन शासनाने दूरदृष्टीने राखून ठेवली, असा एक समज आहे. वस्तुतः ती राखली गेली नाही, ती उरली. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्यास १६० एकर देऊ केले. पाऊस जेथे होता तेथे ही योजना चालली. पश्चिमेच्या रुक्ष पठारांवर १६० एकरांत एका कुटुंबाचे पोट भरत नाही, हे जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ च्या आपल्या अहवालात स्पष्टपणे मांडले होते. गुरचराईवर जगायचे तर २,५६० एकर लागतील, असा त्यांचा हिशेब होता. तो कोणी मनावर घेतला नाही. घेणारा न मिळालेली जमीन सरकारच्या पदरी राहिली, आणि पुढे शंभर वर्षांनी, १९७६ च्या कायद्याने, त्या राहण्यालाच धोरणाचे रूप आले. यापुढे सार्वजनिक भूमी संघीय मालकीतच राहावी, विक्री हा अपवाद असावा, असे त्या कायद्याने ठरविले. अपवादांत एक कलम असे की, वस्त्यांचा विस्तार आणि आर्थिक विकास यांसारखे महत्त्वाचे लोकहित साधत असेल तर जमीन विकावी, मात्र रास्त बाजारभावाहून कमी किमतीस नव्हे. गेल्या अर्धशतकातील बराचसा वाद हा या एका कलमावरील भाष्य आहे.

या भाष्यांपैकी सर्वांत विचारपूर्वक रचलेले म्हणजे नेव्हाडाचा १९९८ चा कायदा. क्लार्क काउंटीची लोकसंख्या १९९० साली ७ लाख ४१ हजार होती; २००० साली ती १३ लाख ७५ हजारांवर गेली आणि २०२० च्या शिरगणतीत २२ लाख ६५ हजार भरली. शहर वाढत होते आणि त्याच्या अंगात संघीय जमिनीचे तुकडे ठिगळांसारखे विखुरलेले होते. कोणता तुकडा विक्रीस काढावा हे भूव्यवस्थापन खाते आणि स्थानिक शासन यांनी मिळून ठरवावे, विक्री मुख्यतः लिलावाने व्हावी, आणि आलेल्या पैशातून ५ टक्के राज्याच्या शिक्षणनिधीस, १० टक्के पाणीपुरवठ्याच्या प्राधिकरणास व उरलेले ८५ टक्के एका स्वतंत्र खात्यात जावेत, अशी ही व्यवस्था आहे. त्या खात्यातून उद्याने, पायवाटा, निसर्गरक्षणाची कामे आणि इतरत्र पर्यावरणदृष्ट्या नाजूक असलेल्या खाजगी जमिनींची खरेदी होते. आजवर या मार्गाने तीन अब्ज डॉलरांहून बरीच अधिक रक्कम उभी राहिली, आणि ती वॉशिंग्टनच्या सर्वसाधारण तिजोरीत विरून गेली नाही. शहराच्या मधोमध अडकलेल्या, ना धड रान ना धड वस्ती अशा जागा देऊन त्या मोलाने दुसरीकडची जमीन सांभाळावी, यात पाप काय, हा प्रश्न विक्रीच्या कट्टर विरोधकांना टाळता येण्यासारखा नाही. एक इंचही देऊ नये ही भूमिका पवित्र वाटते खरी. पण ठिगळांचे शहर कोणाच्याच उपयोगाचे नसते.

अडचण आहे ती ‘रास्त बाजारभाव’ या दोन शब्दांत. लिलाव म्हटला की बोली वर जाते. बोली वर गेली की जमीन बड्या बांधकाम व्यावसायिकांच्या हाती जाते. आणि ज्या समाजाच्या वाढीचे नाव घेऊन विक्री मंजूर झाली त्या समाजातील खोल्या झाडणारी बाई, बसचालक, नवी शिक्षिका यांना तेथे घर घेणे परवडत नाही. कायदा रचणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांच्या घरांसाठी बाजारभावाहून कमी किमतीत जमीन देण्याची तरतूद १९९८ च्या त्याच कायद्यात आहे. विकल्या गेलेल्या एकूण जमिनीच्या मानाने तिचा उपयोग मात्र अल्पच झाला. २०२३ साली अशा जमिनीचा दर एकरी १०० डॉलर ठरविण्यात आला, आणि २०२४ साली क्लार्क काउंटीला २० एकर जमीन २,००० डॉलरांत मिळाली. लास व्हेगासच्या एखाद्या चैनीच्या हॉटेलात चार रात्री काढल्या तरी एवढा खर्च व्हावा. कलम कागदावर पाव शतक होते. ते वाचायला कोणाला सवड झाली नव्हती, एवढेच.

नेव्हाडाच्या या अनुभवाचा आधार घेऊन २०२५ च्या जूनमध्ये जे घडले ते मात्र निराळ्या जातीचे होते. यूटाचे सिनेटर माइक ली यांनी अर्थसंकल्पाच्या मोठ्या विधेयकात अकरा पश्चिमी राज्यांतील वीस ते तीस लाख एकर सार्वजनिक भूमी सक्तीने विकण्याची तरतूद मांडली. शब्द तेच होते : घरे, स्थानिक वस्त्यांची वाढ. परंतु येथे गरज आधी आणि जमीन नंतर असा क्रम नव्हता. एकरांचा आकडा आधी ठरला होता, गाव नंतर शोधायचे होते, आणि येणाऱ्या पैशाचा मोठा वाटा संघीय तिजोरीकडे वळवायचा होता. शिकारी, मासेमार, गिर्यारोहक आणि सिनेटर महाशयांच्या स्वतःच्याच पक्षाचे अनेक पश्चिमी लोकप्रतिनिधी विरोधात उभे राहिले. प्रस्ताव आधी आक्रसला, आणि २८ जूनला मागे घेतला गेला. ‘स्थानिक’ लोकांच्या नावाने आणलेली गोष्ट स्थानिक लोकांनीच परत पाठविली, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

हे नाट्य नवे नाही, आणि त्याचा पहिला समर्थ टीकाकार एक साहित्यिक होता. बर्नार्ड डीव्होटो हे यूटामधील ऑग्डेनचे. मार्क ट्वेनचे अभ्यासक, ‘हार्पर्स’ मासिकातील ‘ईझी चेअर’ या सदराचे लेखक, पुढे लुईस आणि क्लार्क यांच्या रोजनिशीचे संपादक. १९४७ च्या जानेवारीत ‘हार्पर्स’मध्ये त्यांचा ‘द वेस्ट अगेन्स्ट इटसेल्फ’ हा लेख आला. सार्वजनिक कुरणे राज्यांच्या मार्गाने खाजगी हाती नेऊ पाहणाऱ्या पशुपालकांच्या संघटना ‘पश्चिमेचा आवाज’ म्हणून मिरवतात, पण बाकीच्या पश्चिमेचा त्यात वाटा किती, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा. त्यांनी आकडे मांडले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘आम्ही’ या सर्वनामाची झडती घेतली. वॅलेस स्टेग्नर यांनी १९७४ साली लिहिलेल्या डीव्होटोंच्या चरित्रात या लढ्याला योग्य ते स्थान आहे. तरीही वाङ्मयेतिहासकार ही नियतकालिकांतील लेखणी हा डीव्होटोंचा जोडधंदा समजतात. हा समज चुकीचा आहे. ज्याने रोजनिशांच्या संहिता ओळ न ओळ तपासल्या त्याच्यापुढे विधेयकाची संहिता आली, तेव्हा त्याने तीच शिस्त तिला लावली. यात धंदा बदललेला नाही.

त्याच शिस्तीने पाहू जाता ‘पब्लिक लँड’ हा शब्द केवळ मालक सांगतो, उपयोग सांगत नाही. मराठी खेड्याच्या भाषेत गायरान म्हणजे गुरे चारण्याची, गावठाण म्हणजे राहण्याची, देवराई म्हणजे कुऱ्हाड न लावण्याची जागा. नावातच हक्क गोवलेला असतो, आणि तो मोडायचा तर आधी नाव मोडावे लागते. (ते मोडले गेले नाही असे नव्हे, पण मोडल्याचे दिसते तरी.) मालकवाचक शब्दाला ती अडचण नसते. जमीन सार्वजनिक होती, ती आता खाजगी झाली. मध्ये कोणी राहत होते की नाही हे वाक्यात कुठेच येत नाही.

राहत होतेच. लास व्हेगासचे खोरे हे दक्षिण पायूट लोकांचे. मेरी ऑस्टिन यांनी १९०३ साली ‘द लँड ऑफ लिटल रेन’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. ते जवळच्या कॅलिफोर्नियातील ओवेन्स खोऱ्याचे असले, तरी याच शुष्क प्रदेशाला ‘ओसाड’ म्हणणाऱ्या दृष्टीला त्याने तडा दिला. त्यात टोपल्या विणणारी पायूट स्त्री सेयावी आहे, शोशोनींच्या भूमीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि पाण्याची वाट जनावरांना कशी ठाऊक असते याचा तपशील आहे. रिकामी जागा मात्र त्यात कुठेच नाही. कायद्याच्या भाषेत ती रिकामी राहिली. लास व्हेगास शहर उभे राहिल्यावर पायूटांच्या वाट्याला १९११ साली एका पशुपालक स्त्रीच्या मालकीची १० एकर जागा आली. त्यात भर पडायला १९८३ उजाडावे लागले, तेव्हा काँग्रेसने शहराच्या उत्तरेस ३,८०० एकर दिले. उत्तरेकडील पश्चिम शोशोनींची कथा अधिक विचित्र. १८६३ च्या रुबी व्हॅली तहात त्यांनी वाट दिली, खाणी व लोहमार्ग यांना मुभा दिली. भूमी दिल्याचा शब्द तहात नाही. तरी ती केव्हातरी गेली असे धरून १८७२ च्या भावाने सुमारे २ कोटी ६० लाख डॉलरांची भरपाई ठरली. ती त्यांनी घेतली नाही. मेरी आणि कॅरी डॅन या भगिनी परवान्याशिवाय गुरे चारीत राहिल्या, आणि १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, पैसे सरकारी तिजोरीतील खात्यात जमा झाले तेव्हाच ते शोशोनींना पोहोचले. देणारा तोच, आणि घेणाऱ्याचा विश्वस्तही तोच. १९९८ च्या कायद्यात जमीन निवडताना स्थानिक शासनाचे मत लागते. काउंटीच्याही आधीच्या या स्थानिकांना ते स्थान नाही.

पाण्याचा मुद्दा येथे ओझरताच घेता येईल. कोलोरॅडो नदीतून नेव्हाडाच्या वाट्याला वर्षाला ३ लाख एकर-फूट पाणी येते आणि लास व्हेगासचे सुमारे नव्वद टक्के पाणी तेच. २०२१ च्या ऑगस्टमध्ये त्या नदीवर प्रथमच अधिकृत टंचाई जाहीर झाली. जमिनीची रेषा काँग्रेस हलवू शकते. हा आकडा हलविणे तितके सोपे नाही.

तरीही एकच दिशा आहे असे म्हणता येत नाही. २०१६ च्या कायद्याने नेव्हाडातील सहा आदिवासी राष्ट्रांना ७१ हजार एकरांहून अधिक संघीय जमीन लिलावाशिवाय न्यासरूपाने मिळाली. लास व्हेगासची रेषा आणखी पुढे सरकविण्यासाठी २०२१ पासून काँग्रेसपुढे जी विधेयके आली त्यांत शहराला हजारो एकर विक्रीसाठी मोकळे करण्याची तरतूद आहे, आणि त्याच विधेयकांत मोआपा पायूटांच्या राखीव क्षेत्रात मोठी भर घालण्याचीही. हे क्षेत्र १८७५ साली १,००० एकरांपर्यंत आकसले होते. १९८० साली त्यात सुमारे ७० हजार एकर परत जोडले गेले. एकाच संहितेत एका जमिनीला ‘डिस्पोजल’ म्हटले आहे आणि दुसरीला ‘न्यासात ठेवलेली’. मोआपाच्या जमिनीसाठी बाजारभावाचा उल्लेख करावा लागलेला नाही.