बसणे वेगळे, जुळणे वेगळे

हॉट रॉड म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते ते उघडे इंजिन, झगझगीत क्रोम आणि जमिनीकडे झुकलेले नाक. त्या नाकाखाली घडीव पोलादाचा एक आडवा ॲक्सल असतो. तिकडे वाकून पाहणारे थोडेच. इंजिन दगा देते तेव्हा गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते. पुढचा ॲक्सल दगा देतो तेव्हा ती कुठे जाईल याचा भरवसा नसतो. जुनी गाडी नव्याने उभी करणाऱ्याने पैसा आणि वेळ सर्वांत आधी इथे घालायला हवा.

हा छंद मूळ धरून वाढला तो १९३० च्या दशकातल्या दक्षिण कॅलिफोर्नियात. तिथली तरुण मुले जुन्या, स्वस्त फोर्ड गाड्यांचे मडगार्ड उतरवून त्या मुरॉकच्या कोरड्या तलावाच्या सपाट तळावर पळवत. या शर्यतींना शिस्त लावणारी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन १९३७ मध्ये स्थापन झाली. या मंडळींची सर्वांत लाडकी गाडी म्हणजे १९३२ ची फोर्ड, ‘ड्यूस’. तिचे व्ही-एट इंजिन ६५ अश्वशक्तीचे होते.

फोर्डने आपल्या मोटारींना १९४८ पर्यंत पुढे सलग ॲक्सल आणि त्यावर आडवा पाटा ठेवला. दोन्ही चाकांना वेगवेगळे सस्पेन्शन आले ते १९४९ च्या मॉडेलपासून. त्यामुळे मॉडेल ए पासूनचे वीसेक वर्षांचे सुटे भाग दिसायला एकमेकांचे भाऊ वाटतात. एका सालचा ॲक्सल, दुसऱ्या सालचे स्पिंडल, तिसऱ्याचे ब्रेक अशी सरमिसळ इथे पहिल्यापासून चालत आली आहे आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. हॉट रॉडचा जन्मच तिच्यातून झाला. प्रश्न आहे तो ‘बसते ना, मग झाले’ या समजुतीचा.

स्पिंडल म्हणजे आपल्या गॅरेजमधला स्टब ॲक्सल. त्याचे दोन कान ॲक्सलच्या टोकाला वरून-खालून कवेत घेतात आणि तिघांतून किंगपिन आरपार जाते. ॲक्सलच्या टोकाची जाडी काही सालांत सव्वादोन इंच, तर काही सालांत त्याहून एक अष्टमांश इंच जास्त आहे. फरक तीन मिलिमीटरचा. पण जाड टोक अरुंद कानांत शिरतच नाही आणि पातळ टोक रुंद कानांत वर-खाली हलत राहते. मग पोकळी भरायला एकावर एक शिम रचल्या जातात. तिथे हजारांश इंचात मोजावी अशीच फट चालते, कारण गाडीच्या पुढच्या भागाचे वजन तिथल्याच छोट्या थ्रस्ट बेरिंगवर येते. किंगपिनचा कलही ॲक्सल आणि स्पिंडल मिळून ठरवतात. जोडी चुकली की चाकाचा कॅम्बर बिघडतो आणि टायर एका बाजूने झिजतो.

ब्रेकचेही तसेच. फोर्डला हायड्रॉलिक ब्रेक १९३९ मध्ये मिळाले आणि ते जुन्या स्पिंडलवर चढवण्याची रीत पडली. पण स्पिंडलची मागची बैठक सालागणिक बदलली आहे. ब्रेक प्लेट नेमकी मध्यावर आणायची रिंग घातली नाही, तर लायनर ड्रमला सगळीकडे सारखे टेकत नाहीत. गाडी खाली बसवायला ॲक्सलची टोके तापवून ताणतात, तिथेही कोन पुन्हा मोजावेच लागतात.

सलग ॲक्सल आणि किंगपिन महाराष्ट्रातल्या ट्रकच्या मिस्त्रीला परके नाहीत. पिन झिजली की बुश बदलायचे, रीमर मारायचा, पिन हाताच्या दाबाने सरकेल इतकीच सैल ठेवायची, हे तो रोज करतो. विंटेज गाडीच्या हौशी मालकाने त्याच्याकडून हेच शिकावे: आधी कॅलिपर, मग पाना. ऐंशी वर्षांच्या पोलादाची तडा-तपासणी क्रोम चढवण्याआधी करून घ्यावी, कारण मुलाम्याखालची बारीक भेग नंतर डोळ्यांना दिसत नाही. प्रदर्शनातल्या परीक्षकांनीही रंगाइतकेच गुण या जुळणीला द्यावेत.

ही जुळणी तपासायला फार साधने लागत नाहीत. पुढचे चाक जॅकवर उचलायचे, एक हात टायरच्या वर, एक खाली ठेवून हलवून पाहायचे. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगायचे. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर चाकाचे बेरिंग सैल. तसाच राहिला तर दोष किंगपिनचा, आणि तो निघेपर्यंत ती गाडी रस्त्यावर आणू नये.