नाव कापलेली ईद मुबारक

ईदचा चांद दिसला की मोबाइलवर शुभेच्छांच्या चित्रांचा पूर येतो. यंदा एकच सुलेखन चार ग्रुपमधून आलं. पहिल्यात कोपऱ्यात कलाकाराची सही होती. चौथ्यात ती कापून तिथं एका स्थानिक पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो!

हदीस ऐकली की ती कुणाकडून कुणाकडे आली, ही सनद विचारणारी आपली परंपरा. जुने खत्तात उस्तादाची इजाजत मिळाल्यावरच कामाखाली 'कतबहू', म्हणजे 'हे याने लिहिलं', असं म्हणून आपलं नाव घालत. वर्षांच्या मेहनतीनं मिळालेलं ते नाव आपण बोटाच्या एका फटक्यात उडवतो. विचारलं तर उत्तर, "नेटवरून घेतलं." नेट काय चित्रं काढतं?

१९५७च्या कॉपीराइट कायद्याचं ५७वं कलम तर हक्क विकल्यावरही 'हे माझं' म्हणण्याचा अधिकार कलाकाराकडेच ठेवतं. आणि नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली, असंही नाही. विचारावं लागतं. कुणाला विचारायचं ठाऊक नसेल तर दोन ओळी स्वतः लिहाव्यात. ईद मुबारक म्हणायला चित्र लागतंच कुठं?

त्या पुढाऱ्याच्या कार्यकर्त्याला मी सहीसकट मूळ चित्र पाठवलं. त्यानं अंगठ्याचं चिन्ह पाठवलं. अंगठाच दाखवला म्हणायचा, कारण पोस्ट अजून तशीच आहे.