संकल्पाला दक्षतेची जोड हवी

२०४७ पर्यंत एक लाख मेगावॅट अणुवीज क्षमतेचा संकल्प केंद्र शासनाने २०२५ च्या अर्थसंकल्पात सोडला. तो स्वागतार्ह आहे. पण त्याची सिद्धी अणुभट्टीतील पाण्याच्या शुद्धतेवरही अवलंबून आहे.

तारापूरच्या १९६९ मधील पहिल्या दोन भट्ट्या २०२० पासून दीर्घकाळ बंद ठेवाव्या लागल्या. पाणी फिरवणाऱ्या नळ्या बदलण्याची वेळ आली होती. अशा भट्टीत किरणोत्सर्गाने पाण्यातून प्राणवायू सुटतो. त्याला नळीतील ताण आणि जोडाजवळचे दुबळे पोलाद यांची साथ मिळाली की तडे जातात. जपानमधील मिहामा येथे ९ ऑगस्ट २००४ रोजी आतून झिजलेली नळी फुटून पाच कामगार प्राणास मुकले. ती जागा तपासणीच्या यादीतूनच सुटली होती.

प्रवाहाचा वेग, तापमान व पाण्याचे रसायन यांवरून संगणकीय प्रतिमान झिजेचा अंदाज देते. पण यादीबाहेरच्या नळीचा अंदाज कोण करणार? बॉयलरच्या पाण्याची रोजची नोंद का महत्त्वाची, हे पिंपळे गुरवमधून चाकणच्या कारखान्यांत जाणाऱ्या कामगाराला सांगावे लागत नाही.

१९७४ च्या पोखरण चाचणीनंतर परकीयांनी हात आखडता घेतला, तरी आपल्या शास्त्रज्ञांनी भट्ट्या चालवल्या. तो वारसा टिकवायचा तर रसायनतज्ज्ञाच्या शब्दाला भट्टी थांबवण्याइतके वजन हवे, तपासणीचे निष्कर्ष जनतेपुढे यावेत आणि खासगी भांडवलालाही यात सवलत नसावी. तडा झाकणे ही राष्ट्रसेवा नव्हे.